‘प्लस सी’ला मार्कांपुरतं ठेवू नका!

एम-वनचा पेपर जवळ आला की होस्टेलच्या प्रत्येक रूममधून एकच जप ऐकू येतो : ‘घात एकने वाढवा, त्यानेच भागा, शेवटी प्लस सी!’ जप बरोबरच आहे. पण अर्थ न कळता केलेला जप पेपर संपला की विरून जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंटिग्रेशन म्हणजे उलटा प्रश्न. डेरिव्हेटिव्ह समोर आहे, मूळ फंक्शन कोणतं? एक्सच्या घनाचं डिफरन्शिएशन केलं की तीन एक्स वर्ग मिळतो. मग एक्स वर्गाचं इंटिग्रेशन एक्स घन भागिले तीन असणारच! घात उणे एक असला तर मात्र जप चालत नाही, कारण शून्याने भागावं लागेल. तिथे लॉग येतो.

आता सी. आमच्या धाडकडच्या शेतातला हौद घ्या. मोटर सेकंदाला ५ लिटर पाणी टाकते, म्हणजे १० मिनिटांत ३००० लिटर. झालं स्थिरांकाचं इंटिग्रेशन! पण हौदात एकूण पाणी किती? ते आधी किती होतं त्यावर अवलंबून. ते ‘आधीचं पाणी’ म्हणजे सी. शेतकरी मोटर चालू करण्याआधी हौदात डोकावतो. आपण मात्र सी लिहितो आणि पुढे जातो.

विहिरीत दगड सोडला तर प्रवेग ९.८, वेग ९.८ टी, अंतर ४.९ टी वर्ग. २ सेकंदांत १९.६ मीटर! दगड नुसता न सोडता जोरात फेकला, तर वेगातला सी शून्य राहत नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे हे सगळे शब्द इंग्रजीतच कानावर पडले. पण ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकातच ‘शून्यलब्धि’ लिहून कॅल्क्युलस मराठीत आणलं होतं. तेव्हा हा विषय आपल्या भाषेत मावत नाही, हे काही पटत नाही.

सरांना आणि मॅडमना नम्र विनंती : सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी एकदा हौदाबद्दल विचारा. आणि दोस्तांनो, उत्तर आलं की ते पुन्हा डिफरन्शिएट करून बघा. अर्धं मिनिट लागतं, आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारायला शेजारच्या रूमचं दार वाजवावं लागत नाही.