कोरा भोपळा आणि कोरलेला भोपळा

वॉशिंग्टन अर्व्हिंगची ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’ ही कथा ज्या ज्या अभ्यासक्रमात नेमलेली असते, तिथे तिथे एक गोष्ट हमखास घडते. कथेच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर, शिक्षकाच्या टिपणांत, विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात डोळे आणि दात कोरलेला, आतून पेटलेला एक भोपळा येऊन बसतो. मुंडके नसलेला घोडेस्वार तो उंच धरून फेकण्याच्या पवित्र्यात असतो. हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे की ते अर्व्हिंगचे नव्हे असे सांगितल्यावर ऐकणारा पुस्तक पुन्हा उघडून पाहतो. त्याने पाहावेच. १८२० साली प्रसिद्ध झालेल्या या कथेत कोरलेला भोपळा नाही, मेणबत्ती नाही, हॅलोविनचे नावही नाही. शाळामास्तर इकाबॉड क्रेन नाहीसा झाल्यावर दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी त्याची टोपी सापडते आणि टोपीशेजारी एक फुटलेला भोपळा. एवढेच.

हा तपशील क्षुल्लक वाटेल. मला तो कथेचा कणा वाटतो. त्या भोपळ्याला डोळे आणि तोंड दिले की अर्व्हिंगची कथा निव्वळ भुताची गोष्ट होते. तो कोराच ठेवला तर ती गावातल्या वर्गसंघर्षाची, खाण्याची हाव आणि लग्नाची हाव यांची, आणि पुराव्यांच्या वाचनाची कथा राहते. घोड्यावरून व्हॅन टॅसलच्या घराकडे निघालेला इकाबॉड वाटेतली शेते पाहतो तेव्हा मक्याखाली ऊन खात पडलेले पिवळे भोपळे त्याला भोपळे म्हणून दिसतच नाहीत, ते त्याला पाय या गोड पदार्थाच्या रूपात दिसतात. कॅट्रिनाकडेही तो याच नजरेने पाहतो: तिच्या वडिलांच्या जमिनीसकट, कोठारासकट, मुदपाकखान्यासकट. त्याच रात्री ज्या वस्तूची हाव धरली ती वस्तूच डोक्यावर येऊन आदळते. आपल्याकडे भ्रमाचा भोपळा फुटतो असे म्हणतात. इथे तो अक्षरशः फुटतो. पुढे ब्रॉम बोन्सचे कॅट्रिनाशी लग्न होते, आणि या प्रसंगात भोपळ्याचा विषय निघाला की तो मनमुराद हसतो. अर्व्हिंग त्या हसण्याचा उलगडा करत नाही. म्हाताऱ्या बायका मास्तराला भुताने उचलले असे सांगत राहतात, आणि इकाबॉड जिवंत असून वकिली करून न्यायाधीश झाला अशीही बातमी येते. वाचकाने काय मानायचे ते त्या फुटलेल्या, निर्विकार भोपळ्यावरून ठरवायचे. चेहरा कोरला की ठरवायला काही उरत नाही.

हा चेहरा आला कोठून? १९४९ च्या डिस्नेच्या चित्रपटात घोडेस्वार धगधगता कोरीव भोपळा फेकतो, आणि बहुतेकांच्या मनातले चित्र त्या पडद्यावरून उतरलेले आहे. पण पडद्यालाच दोष देणे सोपे आहे. त्यामागे भोपळ्याचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो सांगताना अभ्यासकही एका सोयीच्या दंतकथेच्या आहारी जातात.

दंतकथा अशी: आयर्लंडमध्ये जॅक नावाच्या एका कंजूस माणसाने सैतानाला फसवले; मेल्यावर त्याला ना स्वर्ग मिळाला ना नरक; सैतानाने दिलेला एक निखारा पोखरलेल्या सलगमात ठेवून तो अंधारात भटकत राहिला. आयरिश लोक म्हणून सलगमाचे कंदील करत. दुष्काळात ते अमेरिकेत आले, तिथे त्यांना भोपळा मिळाला, आणि हॅलोविनचा कंदील जन्मला. सलगमाचे कंदील खरेच होते. मेयो परगण्यात कॅसलबारजवळ टर्लो पार्क येथे आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामीण जीवनाचा विभाग आहे. तिथे डॉनेगलमधल्या अशा एका सलगमाचा प्लास्टरचा ठसा ठेवलेला आहे, आणि त्याचा सुरकुतलेला, खप्पड चेहरा भोपळ्याच्या कोणत्याही हसऱ्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी भयाण आहे. पण दंतकथेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मेख आहे. जॉन ग्रीनलीफ व्हिटियरची ‘द पम्पकिन’ ही कविता १८५० ची. कवी क्वेकर पंथाचा, जन्म १८०७ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरहिलजवळच्या शेतावर वाढलेला. पोरपणी भोपळ्यांवर विद्रूप चेहरे कोरून आत मेणबत्ती लावल्याची आठवण तो या कवितेत काढतो. म्हणजे आयरिश दुष्काळाच्या (१८४५) कितीतरी आधी न्यू इंग्लंडची शेतकऱ्यांची पोरे हा उद्योग करत होती असे मानावे लागते. शिवाय ही कविता हॅलोविनची नाहीच. ती थँक्सगिव्हिंगची आहे, सुगीची आहे, आणि तिचा शेवट पायपाशी होतो. कंदील आणि पाय एकाच कवितेत, एकाच भोपळ्यातून. हे साहचर्य पुढे तुटले.

ते तुटले कसे, हे कळण्यासाठी भोपळा कोरून पाहिला पाहिजे. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे निदान एकदा करावे असे माझे मत आहे. बूड सपाट असलेला, देठ शाबूत असलेला, बोटाने दाबल्यावर न दबणारा भोपळा घ्यावा. देठाभोवती झाकण कापताना सुरी उभी न धरता आतल्या बाजूला तिरकी धरावी, म्हणजे झाकण आत पडत नाही. मग बिया आणि तंतू पळीने खरवडून काढावेत; ज्या बाजूला चेहरा काढायचा तिथला गर आतून खरवडून भिंत साधारण अडीच सेंटिमीटर राहू द्यावी. त्याहून जाड ठेवली तर पाते अडते आणि उजेड कोंडतो, पातळ केली तर चेहरा दोन दिवसांत आत खचतो. रेषा आधी पेनाने आखाव्यात. बारीक दातांची छोटी आरी मोठ्या सुरीपेक्षा बरी. सुरी गरात रुतते आणि सुटताना हातावर येते. बारीक तपशील आधी कापावेत, मोठी छिद्रे शेवटी, कारण प्रत्येक छिद्रागणिक भिंत दुबळी होत जाते. कापलेला तुकडा ओढून काढू नये, बोटाने हलकेच आत ढकलावा. मेणबत्ती लावणार असाल तर झाकणाला धूर जाण्यापुरते भोक पाडावे.

एवढे केले की दोन गोष्टी हाताला कळतात. पहिली अशी की त्रिकोणी डोळे आणि करवतीसारखे दात ही कुणा चित्रकाराची कल्पना नसावी. जाड सालीत सरळ पात्याने सरळ रेषाच कापता येते, वळण घेता येत नाही. शैली इथे साहित्याने ठरवली आहे (साहित्य या शब्दाचे दोन्ही अर्थ मराठीत एकत्र नांदतात ही सोय आहे). आता छापील नक्षी चिकटवून टोचून घेण्याचे तयार संच मिळतात, त्यातून हुबेहूब व्यक्तिचित्रेही निघतात. ती पाहून मी थक्क होतो, पण त्यांत भोपळ्याचा काही वाटा नसतो; तीच नक्षी पुठ्ठ्यावरही निघाली असती. दुसरी गोष्ट म्हणजे या भोपळ्याचा गर खाण्यात अर्थ नाही. कोरण्यासाठी विकला जाणारा हाउडन हा वाण मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार केला, तो आकार, रंग आणि मजबूत देठ यांसाठी. चवीला तो पाणचट आणि तंतुमय. अमेरिकेत पायसाठी डब्यात भरला जाणारा गर बव्हंशी वेगळ्याच, फिकट तपकिरी, लांबट भोपळ्याचा असतो. खायचा भोपळा आणि पाहायचा भोपळा असे दोन भोपळे झाले. आजचा अमेरिकी वाचक इकाबॉडच्या शेजारचा भोपळा पाहून पाय आठवत नाही, चेहरा आठवतो, याचे एक कारण बाजारात आहे.

चेहऱ्याला माझा विरोध नाही. तो जिथे लेखकाने कोरला आहे तिथे अवश्य पाहावा. हॉथॉर्नच्या ‘फेदरटॉप’ (१८५२) मध्ये मदर रिग्बी ही चेटकीण बुजगावणे करते आणि सुकत चाललेल्या भोपळ्याला दोन डोळ्यांची भोके, तोंडाची चीर पाडते, मधला उंचवटा नाक म्हणून ठेवते. चिलीम ओढत राहिला तोवर हा भोपळा रुबाबदार गृहस्थ दिसतो, गावात मान मिळवतो, एका सधन घरातल्या मुलीला भुरळ पाडतो. मग आरशात त्याला स्वतःचे खरे रूप दिसते आणि तो चिलीम फेकून देतो. जगात असे पोकळ गृहस्थ पुष्कळ आहेत, फक्त त्यांना आरशात स्वतः दिसत नाहीत, असा चेटकिणीचा शेरा आहे. इथे कोरणे हाच उपहास आहे. कोरा भोपळा इथे निरुपयोगी ठरला असता. अर्व्हिंग आणि हॉथॉर्न यांच्या भोपळ्यांत तीस-बत्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि हे अंतर वर्गात दाखवण्याऐवजी आपण दोघांवर एकच चेहरा चिकटवतो.

तुलनेच्या बाबतीतही जपून राहावे. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. अमेरिकेतल्या मराठी घरांत त्या दिवशी पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटले असेल आणि संध्याकाळी ओसरीवर भोपळा पेटला असेल. दोन्ही वेली एकाच कुळातल्या, दोन्हींत राक्षस किंवा भूत. यावरून एखादा प्रबंध लिहिण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण कारीट चिरडायचे असते आणि भोपळा उजळायचा असतो. एकात असुराचा वध आहे, दुसऱ्यात त्याला दारात बसवणे आहे. पंचांगाने आणलेला योग म्हणून त्याची गंमत घ्यावी आणि तिथेच थांबावे.

राहता राहिला कुजण्याचा मुद्दा, ज्याबद्दल कोरण्याच्या सूचना देणारे फार घाईत बोलतात. कापलेल्या कडांना व्हॅसलिन लावा, पातळ ब्लीच फवारा, थंड जागी ठेवा. तरीही आठवड्याभरात बुरशी धरते, ओठ आत वळतात, हसू म्हातारे होते. फोमचे कृत्रिम भोपळे वर्षानुवर्षे टिकतात आणि म्हणूनच ते मला निकामी वाटतात. एल. फ्रँक बॉमच्या ‘द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ’ (१९०४) मधला जॅक पम्पकिनहेड पुस्तकभर हीच चिंता वाहतो: आपले डोके किती दिवस टिकेल? चेहऱ्यावर कोरलेले हसू त्याला बदलता येत नाही, त्यामुळे ती चिंताही तो हसतच बोलून दाखवतो. पाच वर्षांनी आलेल्या ‘द रोड टू ऑझ’ मध्ये तो भोपळ्याच्या मळ्यात राहताना दिसतो. जुनी डोकी खराब झाली की ती पुरून त्यांवर रीतसर दगड उभे केलेले असतात, आणि पाहुण्यांना तो ती थडगी मोठ्या अगत्याने दाखवतो.