तीन मिनिटांचा डाव

बुद्धिबळ म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर एक संथ चित्र उभे राहते. मे महिन्याची दुपार, ओसरीवर अंथरलेली सतरंजी, मधोमध पट आणि दोन्ही बाजूंना गालावर हात टेकून बसलेली माणसे. माझे वडील देशी पद्धतीने खेळत. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते, त्यामुळे दोन्ही सैन्ये समोरासमोर येईपर्यंत चहाची एक फेरी होऊन जाई. पटाशेजारी घड्याळ ठेवून खेळतात, हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. दिवसा तो कुरिअरच्या कचेरीत काम करतो आणि रात्री बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करतो. अभ्यास आणि झोप यांच्यामधल्या वेळात तो मोबाइलच्या पडद्यावर अनोळखी माणसांशी बुद्धिबळ खेळतो. एकेका खेळाडूला तीन मिनिटे. एवढ्यात सारा डाव. पडद्यावरचे त्याचे गुण पाहून जाणकारही मान डोलावतात. मात्र गेल्या वर्षी तो प्रथमच लाकडी पटावरच्या स्पर्धेत उतरला आणि आपल्याहून कमी गुणांच्या तीन खेळाडूंकडून हरला. घरातल्यांनी लगेच निकाल दिला, की हा मोबाइलवरचा खेळ म्हणजे नुसता बोटांचा चाळा आहे. त्या रात्री त्याने मला विचारले, "मावशी, मला खरंच बुद्धिबळ येतं की नाही?"

हा प्रश्न एका मुलाचा राहिलेला नाही. वेगाने येणारे कौशल्य खरे मानावे की वरवरचे, असा तो प्रश्न आहे. माझे मत असे, की ते खरे आहे. पण अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण लोक समजतात तिथे नाही.

प्रथम वेगाविषयी. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार ज्या डावात प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असतो, त्याला ब्लिट्झ, म्हणजे अतिजलद डाव म्हणतात. याउलट ऑलिम्पियाडसारख्या स्पर्धेत पहिल्या चाळीस चालींसाठीच नव्वद मिनिटे असतात, पुढे आणखी अर्धा तास मिळतो आणि शिवाय प्रत्येक चालीमागे तीस सेकंद जमा होतात. तीन मिनिटांत पन्नास-साठ चाली खेळणारा माणस एका चालीला सरासरी तीन-चार सेकंदच देऊ शकतो. एवढ्यात विचार होणार कसा?

खरे तर तो विचार करत नसतो, तो ओळखत असतो. चेस आणि सायमन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. त्यांनी खेळाडूंना काही सेकंद पट दाखवला व नंतर तो आठवणीने मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती असेल, तर निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडली. नवशिक्याला जेमतेम चार-पाच जमली. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा निष्णाताची सरशी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती विलक्षण नव्हती. त्याला पटावर सुटी मोहरी दिसत नव्हती, ओळखीचे आकार दिसत होते. आपण 'महाराष्ट्र' हा शब्द वाचताना एकेक अक्षर जुळवत नाही, तसेच हे. अक्षरे गिरवून, अडखळून वाचायला शिकलेल्या प्रौढ वाचकाला ही मजल किती मोलाची असते, ते वेगळे सांगायला नको. तेव्हा अतिजलद डाव जिंकणाऱ्याकडे शेकडो आकारांची ही पुंजी असते. तिला चाळा म्हणणे अन्यायाचे आहे.

या पुंजीचे आपल्या देशातील एक ठळक उदाहरण म्हणजे केरळमधील त्रिशूरचा निहाल सरीन. २००४ साली जन्मलेल्या या मुलाने २०१४ मध्ये दहा वर्षांखालील गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०१८ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो ग्रँडमास्टर झाला. इंटरनेटवरील अतिजलद बुद्धिबळात त्याचे नाव जगभर आदराने घेतले जाते. तेथील कुमारांची वेगवान खेळाची मोठी स्पर्धा त्याने २०२० पासून सलग तीनदा जिंकली. त्याच्या खेळाचा एक गुण मला फार आवडतो. घड्याळात मोजके सेकंद उरले असतानाही त्याची मोहरी विस्कटत नाहीत. तो हल्ल्याच्या मागे धावत नाही. साध्यासुध्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या चालींनी प्रतिस्पर्ध्याला कोंडीत पकडतो. डावाच्या अखेरीस मोजकी मोहरी उरली की त्याचा हात विशेष चालतो. वेगाच्या मुळाशी समज असते, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

आणि तरीही गोष्ट इथे संपत नाही. २०२२ च्या चेन्नई ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दुसऱ्या संघाने कांस्यपदक मिळवले. त्या संघात पहिल्या पटावर दोम्माराजू गुकेश आणि दुसऱ्या पटावर निहाल होता, आणि दोघांनीही आपापल्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. दोघे एकाच संघात, एकाच यशाचे धनी. पण घडण अगदी वेगळी. गुकेशच्या प्रशिक्षकांनी सुरुवातीची कित्येक वर्षे त्याला संगणकाच्या मदतीपासून दूर ठेवले होते. स्वतः हिशेब करायचा, चुकायचे, पुन्हा करायचे, अशी त्याची तालीम झाली. अतिजलद खेळात तो आजही आपल्या बरोबरीच्यांच्या मागे मानला जातो. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे, अठराव्या वर्षी, तो दीर्घ डावांचा जगज्जेता झाला. निहालने २०१९ मध्येच, वयाच्या चौदाव्या वर्षी, दीर्घ डावांत २६०० एलो गुणांचा टप्पा ओलांडला होता. २७०० च्या उंबरठ्याशी पोहोचायला मात्र त्याला पुढची कितीतरी वर्षे लागली. यामागे एकच कारण असेल असे मी म्हणणार नाही. खेळाडूचा उत्कर्ष एवढा सोपा नसतो, आणि २७०० हा टप्पा भल्याभल्यांना आयुष्यभर गाठता येत नाही. पण एक शंका मनात येते ती नोंदवते. ज्याला पहिल्या नजरेतच चांगली चाल दिसते, त्याला दुसऱ्यांदा पाहण्याची गरज वाटत नाही.

ही दुसरी नजर म्हणजे काय, ते विश्वनाथन आनंद यांच्या एका पराभवातून फार स्वच्छ कळते. आनंद घडले ते चेन्नईतील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात चालणाऱ्या ताल बुद्धिबळ मंडळात. तिथे मुले अतिजलद डाव खेळत आणि रिवाज असा, की जिंकेल त्याने बसून राहायचे, हरेल त्याने उठून रांगेत उभे राहायचे. रांग लांब असे. उठावे लागू नये म्हणून भराभर आणि अचूक खेळायचे, ही त्यांची पहिली शाळा. पुढे मोठ्या स्पर्धांतही ते इतक्या झपाट्याने खेळत, की त्यांना 'लायटनिंग किड', विजेच्या वेगाचा मुलगा, असे नाव पडले.

१९८८ साली ते ग्रँडमास्टर झाले, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बील येथे कोलंबियाच्या अलोन्सो झापाता यांच्याशी त्यांचा डाव झाला. काळी मोहरी आनंद यांच्याकडे होती. पाचव्या चालीला त्यांनी उंट बाहेर काढून आपल्या पुढे गेलेल्या घोड्याला आधार दिला. चाल नवी नव्हती. आदल्या वर्षी दोन नामवंत ग्रँडमास्टरांच्या डावात ती पडली होती आणि तो डाव बरोबरीत सुटला होता. झापाता यांनी शांतपणे आपला वजीर एक घर पुढे, राजाच्या समोर आणून ठेवला. आता काळा घोडा हलवावा तर मागे उभ्या असलेल्या काळ्या राजाला थेट शह बसतो, म्हणून तो हलवता येत नाही. आणि जागेवर ठेवावा तर तो वाचत नाही. आनंद यांनी तिथेच डाव सोडला. अवघ्या सहा चाली!

एवढा मोठा खेळाडू सहा चालींत हरतो, ते त्याला काही येत नाही म्हणून नव्हे. उलट, त्याला फार काही आठवते म्हणून. ओळखीचा आकार समोर आला, हात आपोआप पुढे गेला आणि 'समोरचा आता काय करील?' हा एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. पुढे आनंद पाच वेळा जगज्जेते झाले. वेग त्यांनी टाकून दिला नाही. २०१७ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी जलद बुद्धिबळाचे जागतिक विजेतेपद जिंकले. वेगाला थोपवून धरण्याची ताकद मात्र त्यांनी कमावली होती.

म्हणूनच 'हे भरभर खेळणे बंद कर' असा सल्ला मला पटत नाही. आकारांची पुंजी वाढते ती पुष्कळ खेळून, आणि लहान गावातल्या मुलाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळतो तो पडद्यावरच. माझी तक्रार पडद्याच्या वेगळ्याच सवयींविषयी आहे. तिथे समोरच्याची चाल येण्याआधीच आपली पुढची चाल नोंदवून ठेवता येते. सेकंद वाचतात, पण समोरच्याच्या चालीकडे पाहण्याची सवय मोडते. हरत आलेला डावही, समोरच्याचा वेळ संपेल या आशेवर, अर्थहीन चाली करत ओढता येतो. कधीकधी असा डाव पदरातही पडतो, आणि मग आपण चांगले खेळलो असा गोड गैरसमज होतो. पटावर हात लावलेले मोहरे हलवावेच लागते, त्यामुळे हात उचलण्यापूर्वी मन थबकते. पडद्यावर ते थबकणे शिकायलाच मिळत नाही. सर्वांत घातक म्हणजे पराभवानंतर लगेच समोर येणारे नव्या डावाचे बटण. हरलेल्या डावाचा सल जागा होण्याआधीच तो पुसला जातो, आणि नेमके शिकवणारे असते ते त्या सलातच.

भाच्याला मी हे सारे एका दमात सांगितले नाही. शिक्षकी पेशातल्या माणसाला तो मोह होतो, पण आवरला. माळ्यावरून वडिलांचा जुना पट काढला. एक उंट हरवला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचे झाकण ठेवले. स्पर्धेत हरलेल्या डावांपैकी एक त्याला मांडायला सांगितला. स्पर्धेच्या डावात चाली लिहून ठेवाव्या लागतात, त्यामुळे कागद त्याच्यापाशी होता, फक्त घरी आल्यापासून उघडलेला नव्हता.

एकविसाव्या चालीला त्याने उंटाने हत्ती मारला होता. "ही चाल बरोबरच आहे," तो म्हणाला. मी म्हटले, "असेल. पण दुसरी कोणती होती?" तो पटाकडे पाहू लागला. एकदा हात मोबाइलकडे गेला. संगणकाला विचारले असते, तर त्याने क्षणात उत्तर दिले असते. मी मोबाइल उचलून माझ्याकडे ठेवला. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मग त्याने एक कोपऱ्यातले प्यादे उचलले आणि एकच घर पुढे सरकवले. समोरच्या वजिराला परतीची वाटच उरली नाही. हत्ती कुठेच जाणार नव्हता, तो नंतरही मारता आला असता.

"मग हे मला तेव्हा का नाही दिसलं?" त्याने विचारले. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने मोहरी पुन्हा एकविसाव्या चालीवर आणून मांडली.