विश्लेषण : शिकारीसाठी ई-बाइक, आधी मोटर पाहावी की नकाशा?

भारतात १९७२च्या कायद्याने शिकारीवर बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना घेऊन शिकार करता येते. तिथले अनेक शिकारी आता दुर्गम भागात जाड टायरच्या ई-बाइकने जातात. तिचा आवाज कमी, पेट्रोलचा वासही नाही. पण जाहिराती मोटरच्या वॉटवर भर देतात आणि ग्राहकाची फसगत तिथेच होते.

कायदा काय सांगतो?
अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ई-बाइकचे तीन वर्ग असून मोटरची मर्यादा साधारण ७५० वॉट आहे. हजार वॉटची बाइक त्यात बसत नाही. तिथले वनखाते ई-बाइकला मोटर वाहनच मानते, त्यामुळे ती प्रत्येक पायवाटेवर नेता येत नाही. १९६४च्या कायद्याने संरक्षित ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रात तर साध्या सायकललाही मनाई आहे.

बॅटरी किती पुरेल?
४८ व्होल्ट, १५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ७२० वॉट-अवर ऊर्जा असते. थंडी, चढ आणि ओझ्याने पल्ला घटतो. खरी परीक्षा परतीची: एल्क हे शेकडो किलोंचे हरीण. त्याचे मांस ट्रेलरवर लादून येताना बॅटरी शिल्लक हवी आणि उतारावर भक्कम ब्रेकही.

मग निवड कशी करावी?
आधी नकाशा, मग परतीचे ओझे, शेवटी मोटर. हा क्रम चुकला, तर महागडी बाइक जंगलाच्या फाटकाशीच उभी राहील आणि पुढची वाट पायीच तुडवावी लागेल.