दोन हार्डडिस्क आहेत? मग एक घराबाहेर ठेवा!

ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो: “सर, जुनी १ टीबीची हार्डडिस्क पडून आहे, नवी २ टीबीची घेतली. दोन्हींचं मिररिंग करू का?”

माझं स्पष्ट मत: नको.

मिररिंगमध्ये एका डिस्कवर जे लिहिलं जातं, तेच लगेच दुसरीवरही जातं. एक बंद पडली तरी बिलिंग थांबत नाही, हा फायदा खरा. पण साध्या मिररमध्ये लहान डिस्कएवढीच जागा मिळते. म्हणजे १ आणि २ टीबी मिळून हातात १ टीबी. नव्या डिस्कची अर्धी जागा वाया.

जागेचं सोडा, खरा धोका पुढे आहे. उधारीची फाइल चुकून डिलीट केली, की दोन्हीकडून गेली. व्हायरसने फाइल्स लॉक केल्या, दोन्हीकडे लॉक. आणि दोन्ही डिस्क एकाच टेबलावर!

आपण रायगडकर आहोत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं, घरांची छपरं उडाली. जुलै २०२१ मध्ये महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. पाणी घरात आलं, की एक डिस्क काय नि दोन काय!

मग करायचं काय? दोन्ही डिस्क वेगळ्या ठेवा. दर शनिवारी दुकान बंद करताना ‘अ’ डिस्कवर तारखेच्या फोल्डरमध्ये कॉपी घ्या आणि केबल काढा. ‘ब’ दुसऱ्या गावात ठेवा. दुकान अलिबागला असेल, तर पेणला बहिणीकडे. महिन्यातून एकदा अदलाबदल करा. बाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड हवाच. दमट हवेपासून जपायला घट्ट झाकणाचा डबा नि सिलिका जेलची पुडी पुरते. इथे साइज वेगळी असली तरी अडत नाही. हिशेब, बिलं नि मालाचे फोटो १ टीबीत आरामात मावतात. जुनी डिस्क आवाज करत असेल, तर मात्र तिच्यावर भरवसा ठेवू नका.

आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे नुसतं समाधान.

जीएसटीची हिशेबपुस्तकं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. वादळाने डिस्क नेली, तर उधारी कोणाकडे आणि कशाच्या जोरावर मागणार?

धंदा तासभरही थांबवणं परवडत नसेल, तर मिररिंग जरूर करा. पण त्याला बॅकअप म्हणू नका. येत्या शनिवारी पहिली कॉपी घ्याच!