गरीब आणि उपरा

मराठीच्या अंगी इतका मुरलेला अरबी शब्द 'गरीब' याच्याशिवाय क्वचितच दुसरा सापडेल. ज्याच्यापाशी पैसा नाही तो गरीब, हे तर झालेच. परंतु जो उलटून बोलत नाही, मुकाट्याने सोसतो, त्याच्या स्वभावालाही आपण गरीब म्हणतो, आणि शिंग न उगारणारी गायही आपल्याकडे गरीबच असते. द्रव्याचा अभाव आणि वृत्तीचा मवाळपणा यांना एकाच शब्दात कोंडून, गरिबाने गरिबासारखेच वागावे ही समाजाची जुनी अपेक्षा आपण भाषेतच नोंदवून ठेवली आहे.

ज्या अरबीतून हा शब्द आला, तेथे मात्र त्याचा द्रव्याशी मुळात संबंध नाही. ज्या धातूपासून तो सिद्ध झाला, त्याचा अर्थ दूर जाणे, मावळणे असा आहे. म्हणून पश्चिम दिशा ती 'गर्ब', सूर्यास्तानंतरची नमाज ती 'मगरिब', मोरोक्को देशाचे अरबी नाव 'अल्-मगरिब', आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचा 'आल्गार्व्ह' प्रांत म्हणजे मुसलमानी अमदानीतील 'अल्-गर्ब', पश्चिमेकडील मुलूख. या कुळातला 'गरीब' म्हणजे स्वदेशापासून दूर पडलेला, परका. आणि जे परके ते चमत्कारिक वाटते, या न्यायाने विलक्षण व दुर्मीळ असाही त्याचा अर्थ झाला. कुराणातील विरळ व दुर्बोध शब्दांचे विवरण करणाऱ्या ग्रंथांना त्या परंपरेत 'गरीब'चे ग्रंथ म्हणतात. निर्धनासाठी अरबांपाशी 'फकीर' आणि 'मिस्कीन' असे वेगळे शब्द होतेच.

हा परका जिकडे गेला तिकडे त्याचे नशीब निराळे झाले. तुर्की भाषेत 'गरीप' म्हणजे प्रामुख्याने विचित्र. १९४१ साली ओर्हान वेली आणि त्याच्या दोन कविमित्रांनी जुन्या अलंकारांना फाटा देणाऱ्या आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिले आणि त्या नावाने एक संप्रदायच उभा राहिला. त्याच कुळातील 'गुर्बेत' हा शब्द परदेशवासाची व्यथा सांगतो. १९६१ च्या मजूरभरती करारानंतर जर्मनीत मजुरीसाठी गेलेल्या तुर्कांना त्यांच्या मायदेशी 'गुर्बेतची' म्हणू लागले. आर्मेनियन लोकगीतांतला 'घरीब' हा पोटासाठी परमुलखात भटकणारा माणूस आहे. फारसीत तो परकाच राहिला, आणि म्हणून करबल्याच्या संहारानंतरच्या ज्या रात्रीचे स्मरण मोहरमच्या दशमीला 'शाम-ए-गरीबां' या नावाने केले जाते, ती निर्धनांची संध्याकाळ नसून परमुलखात निराधार झालेल्यांची संध्याकाळ आहे. हिंदुस्थानात पोहोचेपर्यंत मात्र या परक्याच्या हातातला पैसा गेलेला दिसतो. आणि नवल असे की, दूर कॉकेशसच्या पायथ्याशी जॉर्जियन भाषेतही 'घरीबी' म्हणजे निर्धन हाच अर्थ रूढ झाला.

परक्याचा निर्धन कसा झाला, याचे उत्तर जुन्या समाजव्यवस्थेत आहे. जेथे जमीन, कर्ज, न्याय आणि अडचणीच्या वेळची भाकरी या चारही गोष्टी भाऊबंदांच्या आणि गावाच्या ओळखीनेच मिळत, तेथे ज्याला कोणी जामीन राहणार नाही, त्याच्या कनवटीला चार नाणी असली तरी ती किती दिवस पुरणार? आणि ही केवळ अरबी शब्दाची लहर मानावी, तर आपली संस्कृतच आड येते. कारण 'दरिद्र' हा शब्दही इकडून तिकडे धावणे, भटकणे या अर्थाच्या धातूपासून व्युत्पन्न झालेला असून, त्याचा जुना अर्थ वणवण फिरणारा असा आहे. जर्मन भाषेत हालअपेष्टांना 'एलेंड' म्हणतात, त्याचे मूळ परदेशवास या अर्थाचे आहे. आणि इंग्रजीत दीनवाण्या जीवाला 'रेच' म्हणतात, तो पूर्वी हद्दपार झालेला मनुष्य होता. परस्परांपासून इतक्या दूरच्या भाषांनी, एकमेकींना न विचारता, परकेपणाला दारिद्र्याचा उगम ठरवावे, हा मला योगायोग वाटत नाही.

मराठी मुलखाला हे शिकवायला बाहेरून कोणी यावे लागले नाही. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतच्या कागदपत्रांत मिरासदार आणि उपरी असे कुळांचे दोन वर्ग आढळतात. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क आणि गावकीत मान, तर उपरी हा बाहेरून येऊन मुदतीच्या कौलाने जमीन कसणारा. त्याच कुळातल्या शब्दाचे 'उपरा' हे नाव लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला दिले, तेव्हा महाराष्ट्राला उमगले की मिरास केव्हाच संपली, उपरेपण संपलेले नाही.

ते आजही कसे संपलेले नाही, हे ऊसतोड कामगाराकडे पाहावे म्हणजे कळेल. बीडसारख्या जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेऊन, कोयत्याच्या जोडीदारासह आणि पोराबाळांसह जो पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे निघतो आणि गाळप संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत राहतो, त्याची शाळा, अंगणवाडी आणि मतदानाचा हक्क ही सर्व मागे गावी राहतात. परप्रांतीय मजुरांसाठी संसदेने १९७९ साली कायदा केला. परंतु तो कंत्राटदारामार्फत राज्याची सीमा ओलांडणाऱ्यापुरता असल्यामुळे, बीडहून कोल्हापूरला गेलेला माणूस त्याच्या लेखी घरीच बसलेला होता. मुंबईत मोफत पुनर्वसनाचे घर हवे, तर झोपडी १ जानेवारी २००० पूर्वीची असली पाहिजे. अर्थात आपण गरिबाला 'तू किती गरीब?' असे विचारीत नाही, 'तू केव्हा आलास?' असे विचारतो. मे २०२० मध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले, तेव्हा 'गरीब' या शब्दाचे दोन्ही अर्थ, अरबी आणि मराठी, एकाच रुळावर पडलेले देशाने पाहिले.

यावर प्रशासनाचे म्हणणे असे की, ठिकाणाची पडताळणी केल्याशिवाय लाभ दिला तर एकच माणूस चार ठिकाणी नाव नोंदवील, आणि स्थानिकांच्या वाट्याचे बाहेरचे नेतील. ही भीती सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु शिधापत्रिकेच्या बाबतीत तिचे उत्तर मिळून चुकले आहे: शिधापत्रिका देशात कोठेही चालावी या योजनेच्या अंमलासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जून महिन्यात राज्यांना मुदत घालून दिली, पुढील वर्षी आसाम हे शेवटचे राज्यही तीत आले, आणि आता एका जिल्ह्याची शिधापत्रिका दुसऱ्या राज्याच्या दुकानातही चालते. जी सोय धान्याला करता आली, ती अंगणवाडीला, शाळेच्या प्रवेशाला आणि मतपत्रिकेला करता येत नाही, असे म्हणण्यास तांत्रिक आधार उरलेला नाही. उरली आहे ती केवळ मिरासदाराची मनोवृत्ती.

तेव्हा शासनाने पुढील गाळप हंगामाच्या आत प्रत्येक कारखान्यावर येणाऱ्या टोळ्यांची, त्यांतील बालकांसह, नोंद अनिवार्य करावी, आणि त्या नोंदीलाच रहिवासाच्या दाखल्याचे मोल द्यावे. नागरिकाचा हक्क त्याच्या गावठाणाला बांधलेला नसून त्याच्याबरोबर चालतो, हे तत्त्व कायद्यात एकदा स्पष्ट शब्दांत लिहावे. अनुदानाच्या रकमा वाढवण्याची घोषणा त्यानंतर केली तरी चालेल.