धरणी हलली, तर हाक कोण पोचविणार?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरच्या परिसरात भूमी हादरली. धक्क्याची महत्ता ४.५ होती. अंगणात धावत आलेली माणसे पुरती सावरली नाहीत, तोच अकरा मिनिटांनी ३.६ महत्तेचा दुसरा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ महत्तेचा धक्का आला आणि नांदेड-परभणीपर्यंत घराघरांतील भांडी वाजली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. घराच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत, अशी सूचना मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने दिली आणि ती योग्यच होती. परंतु छपरावरच्या दगडाची जशी काळजी वाहिली गेली, तशी दुसऱ्याही एका गोष्टीची वाहिली पाहिजे. ते छप्पर खरोखरच कोसळले, तर ‘आम्ही येथे गाडले गेलो आहो, धावा’ ही हाक बाहेर कोण नेणार आणि कशाने नेणार?

यावर, ‘आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे’ असे उत्तर मिळेल. हे उत्तर सुखाच्या दिवसांचे आहे. खिशातला फोन स्वतः फार दूर बोलत नाही. तो जवळच्या मनोऱ्याशी बोलतो, मनोरा केंद्राशी बोलतो आणि या साऱ्यांना वीज लागते. वीज गेली की मनोरा बॅटरीवर काही तास तग धरतो, पुढे डिझेल संपले की मुका होतो. मनोरा उभा राहिला, तरी संकटाच्या घटकेला सारा मुलूख एकाच वेळी फोन लावतो आणि कोणाचाच लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील कितीतरी गावे वीज आणि फोन यांना पारखी झाली होती. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गडप झाले, तेव्हा ती वार्ता जगाला कोणत्या यंत्राने कळविली? कोणत्याही नाही. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, म्हणून ती कळली! संकट जितके मोठे, तितका त्या गावाचा आवाज क्षीण होतो. आणि ज्याचा आवाज येत नाही, त्याच्याकडे मदत सर्वांत शेवटी जाते.

मराठवाड्याला हे वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून थकलेली माणसे गाढ झोपेत असताना, किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांत गाडली गेली. आठ-दहा हजार जीव एका रात्रीत गेले. त्याच्या आदल्या वर्षी तेथील लोकांना असेच लहानसहान धक्के बसले होते. किल्लारीत झाले तेच बाळापुरात होईल, असे आम्ही म्हणत नाही. लहान धक्क्यांच्या अशा मालिका पुष्कळदा आपोआप विझून जातात आणि भूकंपाचे भाकीत करण्याचे सामर्थ्य आज कोणाही शास्त्रज्ञापाशी नाही. पण ज्याचे भाकीत करता येत नाही, त्याची तयारी करता येते, आणि या तयारीतील एक अंग असे आहे की त्यास धरणासारखा वा रस्त्यासारखा खर्च येत नाही. ते अंग म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाहक, ज्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात.

हे लोक कोण? सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या पैशाने घरी प्रक्षेपण-संच बाळगणारे सामान्य नागरिक. कोणी शिक्षक, कोणी यंत्रज्ञ, कोणी विद्यार्थी, कोणी निवृत्त कारकून. या संचावरून धंदा करावयास त्यांना मनाई आहे. म्हणजे निरपेक्षता ही त्यांच्या परवान्याचीच अट आहे. त्यांच्या संचाला मनोरा लागत नाही आणि तारेचे जाळेही लागत नाही. बाळापुरात दोन लिंबांच्या मध्ये वीस मीटर तांब्याची तार ताणावी, ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी जोडावी, की चाळीस मीटर पट्ट्यातील लघुलहरी वरच्या विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन दिवसाउजेडी छत्रपती संभाजीनगर, हैद्राबाद वा पुणे गाठू शकतात. गावागावांतील जवळच्या बोलण्यासाठी हातात मावणारा संच पुरतो. फक्त एखाद्या उंच जागी निरोप झेलून पुढे टाकणारे पुनःप्रक्षेपक केंद्र असावे लागते. अशा संचावरून किती जखमी, कोणता रक्तगट, कोणता पूल खचला, हे मोजक्या शब्दांत आणि वेळेच्या नोंदीसह पुढे जाते. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे त्याच्या अनुज्ञेवाचून बोलत नाहीत. मोबाइलच्या गर्दीत जे साधत नाही, ते या शिस्तीने साधते.

ही कल्पनेची भरारी नव्हे. किल्लारीच्या ढिगाऱ्यांत, १९९९ च्या ओडिशातील महावादळात, २६ जानेवारी २००१ नंतरच्या उद्ध्वस्त भूजमध्ये या हौशी मंडळींनी आपले संच नेऊन निरोपांची ने-आण केली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैद्राबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक अंदमानात गेले होते. त्या बेटांवरून हौशी प्रक्षेपणास कित्येक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरच्या छांदिष्टांशी संपर्क साधणे, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ तारखेच्या सकाळी समुद्र उसळला. त्याच क्षणी छंद थांबला आणि सेवा सुरू झाली. पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी आणि पुढे निकोबारशी दुवा जोडून या पथकाने बेटांवरील आप्तांची खबर त्यांच्या घरी पोचविली. काल ज्याला खेळ म्हणत होते, त्याचे मोल दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाला कळले.

मग अशी माणसे गावोगाव का नाहीत? एक कारण जुने आहे. बिनतारी यंत्र बाळगणाऱ्या नागरिकाकडे राज्यकर्त्यांनी नेहमीच संशयाने पाहिले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच परकीय सरकारने हौशी केंद्रे बंद पाडली. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवून त्या सरकारची झोप उडविली, तेव्हा तो संशय आणखी वाढला. परकीयांनी संशय घ्यावा, हे समजण्यासारखे होते. पण स्वराज्यात आपल्याच नागरिकाला बोलू देण्यास हात आखडता का घ्यावा? घातपाताची भीती खोटी नाही, म्हणून चौकशी जरूर करावी. पण चौकशी म्हणजे अडवणूक नव्हे. परीक्षेसाठी खेड्यातील मुलाला मोठ्या शहराची वाट धरावी लागते. संचाची किंमत शेतकऱ्याच्या घराला परवडत नाही. ‘पोलिसांची बिनतारी आणि उपग्रह-फोन असताना यांची गरज काय?’ असेही विचारले जाते. पोलिसांची यंत्रणा पोलिसांच्या कामातच गुंतलेली असते आणि उपग्रह-फोन मूठभर अधिकाऱ्यांपाशी असतात. तांड्यावरच्या म्हातारीचा निरोप त्यांपैकी कोण घेणार?

म्हणून आमचे शासनाला सांगणे आहे की, कळमनुरी तालुक्यापासून प्रारंभ करावा. बाळापूरच्या महाविद्यालयात आणि परिसरातील माध्यमिक शाळांत या विद्येचे वर्ग काढावेत. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही परवाना मिळू शकतो, हे शिक्षकांनी मुलांना सांगावे. परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी घ्यावी. जिल्हा परिषदेने महाविद्यालयात एक सामाईक संच, एक सौरपट्टी आणि दोन बॅटऱ्या ठेवाव्यात. एखाद्या इमारतीच्या रंगरंगोटीतून वाचेल, एवढाच हा खर्च आहे. आणि या मुलांना संकटाची वाट पाहत बसवू नये. औंढा नागनाथची महाशिवरात्र, नरसी नामदेवची यात्रा, हिंगोलीचा दसरा, या गर्दीत चुकलेल्या मुलांचा शोध आणि रुग्णवाहिकेची हाक त्यांच्याकडे सोपवावी. कयाधूला पूर येईल, तेव्हा नदीकाठच्या गावांची खबर त्यांनी तहसिलीत द्यावी. जत्रेत ज्याचा आवाज स्थिर राहिला, त्याचाच ढिगाऱ्यापाशी स्थिर राहील.

जिल्ह्याच्या आपत्ती-आराखड्यात या स्वयंसेवकांची नावे, त्यांच्या जागा आणि त्यांचे वर्षातून दोनदा होणारे सराव लिहिलेले असावेत. आराखडा कपाटात आणि स्वयंसेवक दाराबाहेर, हा प्रकार किल्लारी पाहिलेल्या मराठवाड्याला शोभत नाही.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या वेशीवर जागल्या ठेवला. तो चोराला थांबवू शकत नसे. पण त्याची आरोळी ऐकून गाव जागे होई आणि शेजारचे गाव धावून येई. धरणीला थांबविणे आपल्या हाती नाही. बाळापूरच्या वेशीवर नवा जागल्या बसविणे मात्र आपल्या हाती आहे. ते काम आज, जमीन स्थिर असतानाच, झाले पाहिजे.