४२० वर्षांचं भाकीत

१९०९ साली बंगालमधले एक लष्करी डॉक्टर, यू. एन. मुखर्जी, यांनी जनगणनेचे आकडे पुढ्यात घेऊन हिंदू हा मरणपंथाला लागलेला समाज आहे असं लिहिलं. पुढे स्वामी श्रद्धानंदांना त्यांनी हिशोबच मांडून दिला: असंच चाललं तर ४२० वर्षांत हे लोक पृथ्वीवरून नाहीसे होतील. (आकडा त्यांचाच आहे, मी मुद्दाम निवडलेला नाही.)

१९०१ मध्ये आजचे पाकिस्तान आणि बांगलादेश धरून हिंदू सुमारे २० कोटी होते. २०११ मध्ये एकट्या भारतात ते ९६ कोटींच्या वर गेले. नाहीसं होण्याची ही तऱ्हा मला तरी कळलेली नाही. पण भाकीत काही मेलं नाही. दर निवडणुकीत नवा कुर्ता घालून येतं.

मी सॉफ्टवेअरवाला, दिवसभर डेटाच बघतो. दोन बिंदू घ्यायचे, पट्टी ठेवायची आणि कागद संपेपर्यंत रेघ ओढत राहायचं, असं इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोराने केलं तरी सर जर्नल फेकून देतात. तेच स्टेजवरून केलं की टाळ्या पडतात.

सप्टेंबर २००४ आठवतो का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा लहान असतील. मुसलमान दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढले, अशी बातमी देशभर झाली. झालं होतं असं की १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. म्हणजे तिथले मुसलमान २००१ च्या बेरजेत होते आणि १९९१ च्या बेरजेत नव्हते. दोन टेबलं जोडताना एका टेबलात अख्खं राज्य गायब! हिशोब नीट केल्यावर वाढ साडेएकोणतीस टक्क्यांवर आली, आणि ती आधीच्या दशकापेक्षा कमीच होती. लोकांच्या डोक्यात मात्र ३६ बसले. पुढच्या दशकात हीच वाढ २४.६ टक्क्यांवर आली, त्याची चर्चा कुणी केली?

फसलेल्या भाकिताची किंमत भाकीत करणारा देत नाही. १९६८ मध्ये पॉल अर्लिक या अमेरिकन प्राध्यापकाने लिहिलं की सत्तरच्या दशकात जगात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील. भारताबद्दल तर त्याला आशाच नव्हती. तेवढा मोठा दुष्काळ आला नाही, पंजाबात गहू पिकला. पण लोकसंख्येची धास्ती दिल्लीत मुरली होती. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. नोव्हेंबर १९७६ मध्ये हरियाणातल्या उटावड या मेव मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी वेढा घातला आणि पुरुषांना गाड्यांत भरून नेलं. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून वाचलो. भाकीत चुकलं होतं, हे सांगायला त्या मेवांच्या दारात कोणी गेलं असेल असं मला वाटत नाही.

आता आपल्या घरातलं. प्यू रिसर्च सेंटरने २०१५ मध्ये अंदाज दिला की २०५० मध्ये जगातले सर्वाधिक मुसलमान भारतात असतील, सुमारे ३१ कोटी. हे फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर ‘माशाअल्लाह’ लावून फिरतं. त्याच अंदाजात हेही आहे की तेव्हाही आपण देशात १८ टक्के असू आणि हिंदू ७७ टक्क्यांच्या आसपास. तेवढा भाग फॉरवर्ड करताना गळतो. संख्येवर मिशी पिळणारा नाक्यावरचा चाचा आणि त्याच संख्येची भीती घालून मतं मागणारा नेता एकाच पट्टीने रेघ ओढतात. चाचाचा स्क्रीनशॉट नेत्याच्या भाषणात पुरावा म्हणून जातो. मला राग येतो तो याचा.

खरं काय घडलं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. १९९२-९३ मध्ये एका मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होत होती, २०१९-२१ मध्ये २.३६. हिंदू बाईचा आकडा ३.३ वरून १.९४ वर आला. जास्त उतार आपला आहे. बिहारमधल्या हिंदू बाईला सरासरी जितकी मुलं होतात, त्यापेक्षा केरळमधल्या मुस्लिम बाईला कमी होतात. मग धर्माने ठरतं म्हणायचं कसं? देशभरात शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईची सरासरी २.८, बारावी किंवा पुढे शिकलेलीची १.८. हा बदल आपल्या अम्मी आणि बाजींनी केला, कोणाच्या तकरीरीने नाही आणि कोणाच्या धमकीनेही नाही.

पुढच्या जनगणनेचे धर्मवार आकडे येतील तेव्हा पुन्हा मथळे होतील. बातमी वाचताना आधी बघा की तुलना कोणत्या वर्षाशी आहे, दोन्ही बेरजांत राज्यं तीच आहेत का, आधीच्या दशकाचा दर दिलाय का. उत्तर मिळेपर्यंत फॉरवर्ड करू नका, आपल्या बाजूचं असलं तरी. आणि तोवर आपल्या मोहल्ल्यात गेल्या वर्षी दहावी झालेल्या मुलींपैकी किती जणी अकरावीला गेल्या, ते मोजा. त्याला जनगणना लागत नाही, एक वही पुरते.